भोंगा कुठं लावायचा

खेमानाईक तांडा, ता. वसमत
४ मे २०२५

चि. निता हिला धर्मसिंगमामाचे आशीर्वाद. जय सेवालाल.

हळद शिजवायचे कुकर नऊ. हळद घासायचे ढोल चार, त्यातला एक कुरुंद्यात हंगामभर बंद पडत नाही. सेवालाल महाराजांच्या मंदिराचं फाटक, ज्याची कडी एका बोटानं लागते. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र. लालसिंग नायकाच्या बैलगाडीचा ब्रेक, जो उतारावर भरली गाडी जागच्या जागी धरतो. शकुंतलाबाईंची तीन पायांची खुर्ची. तीन अशासाठी, की ओबडधोबड अंगणात चार पाय कधीच एकदम टेकत नाहीत. तुझ्या लग्नाचा मांडव. त्या दिवशीच्या वावटळीत शिरड शहापूरच्या लग्नाचा मांडव उडाला म्हणे, आपल्या मांडवाची फक्त झालर हलली. हे सगळं माझ्या या दोन हातांचं. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही. कळमनुरीच्या बाजारात एका दुकानासमोर उभं राहून पाहिलं, मालकानं हाकललं की पलीकडच्या बाजूनं येऊन पाहिलं.

आता त्यात भर पडली आहे. भोंगा.

तू फोनवर विचारलंस की तांड्यात पुराची सूचना द्यायची काय सोय आहे, आणि 'मामा, लेखी कळवा, फाइलला लागतं' म्हणालीस. बरं केलंस. फोनवर तू निम्मं माझं ऐकतेस आणि निम्मं 'हो सर, आले सर' करतेस. गावोगावचे आपत्ती आराखडे लिहायचं काम तुमच्या संस्थेला मिळालंय, तर त्यात आपल्या तांड्याचं खरं तेच यावं.

खरं असं आहे. आपल्याकडं पूर आपल्या पावसानं येत नाही. पाऊस पडतो वर डोंगराकडं, पाझर तलाव भरतो, सांडव्यावरून पाणी सुटतं आणि बाभूळओढ्यानं खाली येतं. तोवर इथं ऊन असतं, बाया वाळवण घालून बसलेल्या असतात. तीन वर्षांमागं असंच झालं. तुझ्या आईच्या, याडीच्या, चार शेळ्या गेल्या, घराची मागची भिंत गेली. ओढ्याच्या काठची आठ घरं, त्यात सगळ्यात खालचं तिचं. वर माळावर ये म्हणालो तर म्हणते, "वढ्याचं पाणी पिऊन मोठी झाले, आता त्यालाच भिऊ काय?" माझ्या बहिणीला हलवणं मला जमलं नाही. म्हणून मी भोंगा केला.

ओढ्याच्या काठाला उभा पाइप. पाइपात फवारणीचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा. पाणी चढलं की डबा तरंगतो, वरच्या पट्टीला टेकतो आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भोंगा सुरू होतो. बॅटरी गेली तर हातानं फिरवायचा दांडा. आवाजाचं चाक चार मिलिमीटर पत्र्याचं, खाचा कानशीनं घासलेल्या. सगळं एकाच खांबावर, एका जागी, सुटसुटीत.

तुमचा कच्चा मसुदा ग्रामपंचायतीत आला होता, तो वाचला. पान अकरावर लिहिलंय की इशारा मिळताच मच्छीमारांनी आपल्या होड्या किनाऱ्याला आणाव्यात. मी तांड्याचे प्रमुख म्हणून नायकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आदुगर समुद्र आणा म्हणावं, मंग होड्या आणतो."

आराखड्यात माझा भोंगा टाक. नाव बराबर लिही: धर्मसिंग लच्छीराम आडे.

तुझा मामा

●

हिंगोली
११ मे २०२५

ती. मामांना निताचा साष्टांग नमस्कार.

होड्यांचं पान काढलं. हसू नका. मूळ नमुना कोकणातल्या कुठल्या तरी आराखड्यावरून आला होता आणि माझ्याकडं एकाच महिन्यात इतकी गावं आली की मी नावं बदलत गेले, पानं वाचली नाहीत. ऑफिसात आता मला 'कोळीणबाई' म्हणतात. झालं समाधान?

भोंग्याचं मी योगेश सरांना सांगितलं. ते आमचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण कागद पाहिल्याशिवाय त्यांना झाडसुद्धा दिसत नाही. ते म्हणाले, घरी केलेलं यंत्र आराखड्यात घ्यायचं तर रंगीत तालीम झाली पाहिजे. म्हणजे पूर नसताना पूर आल्यासारखं करून बघायचं. नायकांना सांगून १ जूनला तालीम घ्या. पान सातवर मी भोंग्याची जागा 'ओढ्याच्या काठी, पाणी मोजण्याच्या ठिकाणी' अशी लिहून ठेवली आहे, म्हणजे तुमच्या खांबाला धक्का लागायला नको.

मला येता येणार नाही. त्याच दिवशी इकडं तीन गावांच्या तालमी आहेत. तुम्ही मला दोनच गोष्टी कळवा: भोंगा वाजला का, आणि लोक जमले का.

मामा, यंत्राचं कौतुक मला आहेच. पण खरं सांगते, हा आराखडा लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बाकी कुणी नसतं. याडीचं ते खालचं घर असतं. पाणी यायच्या आधी ती वर पोचली पाहिजे, एवढंच मला पाहिजे. बाकीची पानं सरकारसाठी.

तुमची निता

●

खेमानाईक तांडा
२ जून २०२५

चि. निता हिला आशीर्वाद.

भोंगा वाजला. लोक जमले.

तू दोनच ओळी मागितल्यास, त्या वर दिल्या. पण तेवढ्यावर कसं भागेल? मी पाइपात बादलीनं पाणी ओतलं. डबा हळूहळू चढला, पट्टीला टेकला आणि निता, असा आवाज निघाला की बाभळीवरचे बगळे उठले ते तांड्याला घिरट्या घालत राहिले. कुरुंद्याच्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला थांबून मागं बघायला लागला.

आणि लोक! मी म्हणत होतो, दुपारची वेळ, अर्धे शेतात, कोण येतंय. पण सगळा तांडा आला. हातातलं काम टाकून आला. शकुंतलाबाई तांदूळ निवडताना उठल्या, सूप हातातच. नायक धोतराचा सोगा धरून पळत. लेकरं तर विचारू नको. आणि सगळ्यात आधी कोण पोचलं असेल? तुझी याडी. जी माझं एक ऐकत नाही ती! माझ्याभोवती सगळ्यांनी कडं केलं. कुणी खांबाला हात लावून बघतंय, कुणी दांडा फिरवून बघतंय. नायक म्हणाले, "धर्मसिंग, तुझ्यासाठी येवढा तांडा तुझ्या लग्नालाबी न्हवता जमला."

मी सहसा स्वतःबद्दल बोलत नाही, तुला माहीत आहे. पण काल मान ताठ होती.

मामा

●

हिंगोली
९ जून २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. योगेश सर लग्नाच्या वाक्याला हसले, म्हणजे बघा. अहवालात लिहिलं: 'इशारा मिळताच सर्व रहिवासी अत्यल्प वेळात एकत्र जमा झाले. प्रतिसाद उत्कृष्ट.' इतर गावांत आम्ही पाठीवर लाईफ जॅकेट बांधून लोकांच्या दारोदार फिरलो, तरी निम्मे आले नाहीत. तुमच्या तांड्याचं उदाहरण सर पुढच्या बैठकीत देणार आहेत. 'याडी सगळ्यात आधी' हे वाचून तर मी रडलेच.

१० जून, सकाळ

काल हे पत्र टाकायचं राहिलं. संध्याकाळी याडीला फोन लावला. म्हटलं, शाबास, पहिली आलीस म्हणे. ती म्हणाली, "पयली आले, पर चिखलानं पाय भरले, घरी येऊन धुवायला लागले." मी म्हटलं, माळावर चिखल कुठला गं, तिथं तर मुरूम आहे. ती म्हणाली, "माळावर काहून? खाली."

मामा, तालमीच्या वेळी तुम्ही नेमके कुठं उभे होता?

निता

●

खेमानाईक तांडा
१६ जून २०२५

चि. निता,

मी माझ्या यंत्राजवळ उभा होतो. यंत्र ओढ्याच्या काठी आहे. तूच पान सातवर तसं लिहिलंयस.

हो, तांडा ओढ्याच्या काठी जमला. तू 'जमले का' असं विचारलंस, ते मी कळवलं. तुझ्या पत्रानंतर चार दिवस मी त्या खांबाकडं गेलो नाही. यंत्रात दोष नाही. डबा चढला, पट्टी टेकली, आवाज झाला. लोकांनी उलटं पळायला पाहिजे होतं. लोक चुकले तर त्याला वेल्डिंग काय करणार?

मी नायकांशी बोललो आहे. मंदिरासमोर सगळ्यांना बसवून समजावून सांगणार. भोंगा झाला की ओढ्याकडं पाठ करायची आणि माळ चढायचा. सोपी गोष्ट आहे. लेकरालासुद्धा समजेल.

मामा

●

हिंगोली
२० जून २०२५

ती. मामांना नमस्कार.

रागावू नका. मीपण चुकले. मी जमले का एवढंच विचारलं, कुठं जमले ते विचारलं नाही. तुमच्याआधी माझं पान सात चुकलंय.

अहवाल मी मागं घेतला. सर म्हणाले, "अहो, उत्कृष्ट लिहिलेलं खोडून काय लिहिणार?" मी म्हटलं, खरं लिहिणार. पावसाळा संपल्यावर माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्याच सहीनं पुढं जायचा आहे, पण ते जाऊ द्या.

सोबत भित्तिपत्रकं पाठवते. चित्र आहे: भोंगा, पाणी, आणि वर चढणारी माणसं. प्रत्येक घराला एक लावा. तालीम पुन्हा घ्या.

मामा, मला एकच भीती आहे. तुमचा भोंगा इतका चांगला आहे की तो पहिल्यांदा खरा वाजेल तेव्हा याडी सगळ्यात आधी पाण्यात असेल.

निता

●

खेमानाईक तांडा
६ जुलै २०२५

चि. निता हिला आशीर्वाद.

तुझ्या मागच्या पत्राची शेवटची ओळ मी कुणाला वाचून दाखवली नाही. खिशात ठेवली.

सभा झाली. भित्तिपत्रकं लावली. मी स्वतः घरोघर गेलो, सांगितलं, परत वदवून घेतलं. 'भोंगा झाला की कुठं जायचं?' 'माळावर!' लेकरं तर गाणं म्हटल्यासारखी म्हणायला लागली. मग न सांगता भोंगा वाजवला.

लेकरं माळाकडं पळाली. त्यांच्या मागं त्यांच्या आया. आणि निम्म्या वाटेत आया थबकल्या, वळल्या आणि लेकरांना ओढत खाली यायला लागल्या. म्हातारी माणसं तर आधीच खाली. शकुंतलाबाई ओढ्याच्या काठी पोचल्या, दम लागलेला. मी आता मात्र भडकलो. म्हटलं, "काकी, काल तुमच्या तोंडून वदवून घेतलं, माळावर जायचं. इकडं काहून आल्या?"

त्या म्हणाल्या, "आवाज इकडून आला ना."

"आवाज इकडून आला म्हणूनच तिकडं जायचं!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण दारू प्यायलेल्याकडं बघतो. म्हणाल्या, "धर्मसिंग, नायकाच्या दारी नगारा वाजला तर माणूस कुठं जातं? नगाऱ्याकडं. कुणी मेलं, लगीन ठरलं, भांडण झालं, आग लागली, जिथून बोलावणं तिथं जायचं. आवाज बोलवतो रे. हाकलायला आवाज करतेत ते रानडुकराला. आमी काय रानडुकरं हाव?"

लोक हसले. नायक हसले. तुझी याडी तर मोठ्यानं हसली. मी हसलो नाही.

पुढचे दोन दिवस दुकान बंद ठेवलं. यंत्र एकाच खांबावर, एका जागी, हा त्याचा सगळ्यात चांगला गुण आहे, असं मी तुला लिहिलं होतं. त्याचा तोच अवगुण निघाला. मग मी ते कापलं. स्वतःच्या हातानं जोडलेलं स्वतःच्या हातानं कापायला ग्राइंडर जड वाटतो, हे तुला कळायचं नाही. डबा आणि पाइप ओढ्यावर ठेवला. भोंगा आणि बॅटरी माळावर, मंदिराच्या मागं. मधे तार. एवढ्या लांब तारेतून बॅटरीची ताकद पोचत नाही, म्हणून ओढ्यावरून वर फक्त इशारा जातो, ताकद वरच ठेवली. इशारा पोचला की वरचा स्विच आपोआप ओढला जातो. तार बाभळीवरून नेली, जमिनीवरून नाही, उंदीर कुरतडतात. हे मला कुणी सांगितलं नाही, हेही माझं मीच केलं.

मग तिसऱ्यांदा वाजवला. कुणाला काही शिकवलं नाही. सभा नाही, कागद नाही. तांडा माळावर आला. मेंढरं आल्यासारखा नाही, माणसं आल्यासारखा, घरच्या कार्याला आल्यासारखा. एक जण सोडून. ते कोण, हे विचारू नको.

नायक म्हणाले, "आता तुझ्या भोंग्याला अक्कल आली."

मामा

●

हिंगोली
१४ जुलै २०२५

ती. मामांना नमस्कार.

ते कोण हे मी विचारत नाही. मला माहीत आहे. मी फोन केला होता. म्हणाली, "किती येळा धावू? भाकरी करपते. तुज्या मामाला दुसरं काम न्हाई." मी रडले, रागावले, तुझी शपथ माझी शपथ केली. ती 'फोन नातवाला दे' म्हणाली, माझ्या लेकाशी बोलली आणि माझ्याशी बोलणं बंद.

पान सात नव्यानं लिहिलं. 'भोंगा धोक्याच्या ठिकाणी लावू नये. लोकांनी जिथं पोचायचं तिथं लावावा.' सरांनी विचारलं, याला आधार काय? मी शकुंतलाबाईंचं वाक्य सांगितलं. रानडुकरासकट. सर थोडा वेळ पेन टेबलावर आपटत बसले आणि म्हणाले, "आमच्या गावी मशिदीजवळ आग लागली होती, मशिदीच्या भोंग्यावरूनच ओरडून सांगितलं, तेव्हा अख्खं गाव आगीकडंच पळालं होतं." मग सही केली.

पण मामा, आराखड्यात बसलं म्हणून याडी बसते असं नाही. पाऊस वाढतोय. काहीतरी करा.

निता

●

खेमानाईक तांडा
३१ ऑगस्ट २०२५

चि. निता,

गुरुवारपासून तू इथं होतीस, परवा गेलीस. येऊन पाहिलंस ते पाहिलंस. पण तू पोचायच्या आधीचं तुला प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं, आणि तुझी याडी त्यात मीठमसाला घालते. म्हणून बराबर काय झालं ते लिहून ठेवतो.

बुधवारी दुपार. आभाळ निळं. वर डोंगराकडं काळं होतं, पण ते काही रोज असतं. मी दुकानात कुकरची चाकं बसवत होतो. भोंगा वाजला. मी सांगतो निता, पहिला विचार काय आला? की म्हशीनं पाइपाला अंग घासलं. माझं यंत्र आणि माझाच म्हशीवर संशय. मी स्पॅनर खाली ठेवला नाही, बाहेर येऊन बघितलं.

तांडा चढत होता. कुणी ओरडत नव्हतं. नायकांनी एका काखेत नातू घेतला होता. शकुंतलाबाईंना दोन बायांनी धरलं होतं आणि त्या त्यांनाच सांगत होत्या, "मला धरू नका, मी पडन न्हाई, तुमीच पडान." सगळे मंदिराच्या मागं आले. मी मोजायला लागलो. खालच्या आठ घरांतले कोण आले, कोण नाही. माझे डोळे एकाच घरावर.

मी खाली पळणार, तेवढ्यात ती वाटेवर दिसली. सगळ्यांच्या मागं. पदर खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, आणि तोंड सुरू. वर येता येता मला शिव्या. "काहून बोलवलं रे? तवा चुलीवर हाय. पाच मिन्टं दम निघत न्हाई का तुला?"

मी म्हटलं, "मी बोलवलं नाही."

"मंग कोण बोलवलं?"

ती माझ्याकडं तोंड करून उभी होती, म्हणून तिच्या मागं काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. ओढा आधी तांबडा झाला, मग जाड झाला. मग बाभळी हलायला लागल्या, बुंध्यापासून. तिचं घर आडवं पडलं नाही, भिजलेल्या साखरेसारखं खाली बसलं. आवाज वर नीट पोचलासुद्धा नाही. लोकांचे चेहरे बघून ती वळली.

मग खाली बसली आणि हाताचं पीठ खरवडत राहिली.

संध्याकाळी मी विचारलं. म्हटलं, बाई, मागच्या तालमीला तू आली नाहीस. आज काहून आलीस? काय समजलीस?

ती म्हणाली, "तवा तू तार वढत होतास, मला म्हाईत होतं तालीम हाय. आज कुणी सांगितलं न्हाई. वरून बोलावणं आलं, म्हटलं कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं असंल, आपण गेलं पाहिजे."

ती स्वतः वाचायला आली नव्हती, निता. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जायचं म्हणून आली होती.

हे तुझ्या आराखड्यात कोणत्या पानावर बसतं ते तू बघ.

मामा

●

हिंगोली
७ सप्टेंबर २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी आराखड्याला जोडलेलं नाही. घरी ठेवलंय.

आठही घरं गेली आणि माणूस एकही गेला नाही, यावर इकडं फार चर्चा आहे. तहसीलमधून विचारणा झाली, बाहेरच्या जिल्ह्यातून दोन फोन आले. माझ्या नेमणुकीचा कागद सरांनी न मागता पुढं पाठवला. आता दुसरी गोष्ट. भोंगे पुरवायचा ठेका घेतलेल्या एका कंपनीचा रामप्रसाद नावाचा माणूस तुमच्याकडं येतोय. पुष्कळ गावांत त्यांना भोंगे लावायचे आहेत. त्याला तुमचं नाव पाहिजे. मामा, आयुष्यभर लोकांनी तुमच्याकडून वस्तू घेतल्या आणि तुमचं नाव कुणी घेतलं नाही. आता वेळ आली आहे. आणि याडी अजून शाळेच्या खोलीत राहते, माळावर तिचं घर उभं करायचंय. कृपा करून त्याच्याशी नीट बोला. तुमच्या तऱ्हेनं बोलू नका.

तुमची निता

●

खेमानाईक तांडा
२१ सप्टेंबर २०२५

चि. निता हिला आशीर्वाद.

नीट बोललो. आधी चहा दिला.

रामप्रसाद बोलायला गोड माणूस. "काका, पूरे जिले में आपका नाम होगा" म्हणाला. प्रत्येक भोंग्यावर पितळी पट्टी, त्यावर 'धर्मसिंग भोंगा'. मला काम काहीच नाही. एका कागदावर सही करायची की हे यंत्र खेमानाईक तांड्यात प्रत्यक्ष पुरात तपासलेलं आहे आणि त्याची रचना माझी आहे. पितळी पट्टी मी हातात घेऊन पाहिली. अक्षरं कोरलेली, छापलेली नाहीत. काम चांगलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली.

मग त्यानं चित्र उलगडलं. ओढ्याच्या काठी एक खांब. खाली डबा, वर भोंगा. एकाच खांबावर.

मी म्हटलं, हा माझा नाही. हा माझा चुकलेला आहे. वरचा माळ कुठं आहे? तार कुठं आहे?

तो म्हणाला, "काका, दोन जागा म्हटलं की दोन खड्डे, दोन मंजुऱ्या, तार चोरीला जाते, दुरुस्तीला माणूस लागतो. एक खांब बसवला की काम खतम. लोकांना आम्ही शिकवू ना. पोस्टर छापलेत."

मी म्हटलं, पोस्टर माझ्याकडंपण आहेत. वाळत घातलेल्या हळदीवर टाकायला बरे पडतात. (राग मानू नको.)

मी त्याला शकुंतलाबाईंकडं नेलं. त्यांनी रानडुकराचं परत सांगितलं. तो हसला, पाया पडला, चित्र बदललं नाही. मी म्हटलं, दोन जागी करा, पट्टीसुद्धा नको, नकाशा फुकट देतो, तार टाकायला गावोगाव मी येतो, जाण्यायेण्याचं भाडं माझं. तो म्हणाला, "काका, ठेक्यात तसं नाही." त्याचंही खरं असेल. त्याला कुणीतरी एक खांब सांगितलाय, तो एक खांब लावणार.

माझी सही असती तर ज्या ज्या गावी तो खांब उभा राहिला असता, तिथली सगळ्यात भली बाई सगळ्यात आधी ओढ्यात उतरली असती. दुसऱ्याच्या घरी काहीतरी झालं असेल म्हणून. आणि वर माझं नाव पितळेत.

मी नाही म्हटलं. पान सात तू लिहिलंयस, ते प्रत्येक गावापर्यंत पोचव. त्याच्या खांबाआधी पोचव. तुझं काम आता ते आहे. माझं काम मी करतो: कुरुंद्याकडच्या दोन वाड्यांत दोन जागांचा भोंगा मी स्वतः बसवून येणार आहे.

तुझी याडी माझ्याशी बोलत नाही. तिला वाटलं होतं मी हो म्हणेन. म्हणते, "चांगुलपणाचं छप्पर घालणार का मला?" तिचं घर मी बांधणार आहे, माळावर, दार ओढ्याच्या उलट्या बाजूला. थोडा वेळ लागेल. तिनं रागवावं, तिचा हक्क आहे.

मामा

ता. क. तिच्याकडून तुला आकडा कळेलच, आणि ती तो वाढवून सांगेल. म्हणून बराबर सांगून ठेवतो. त्यानं देऊ केलेले आणि मी परत केलेले: सहा लाख चाळीस हजार रुपये.